पाटीवरचे साहेब

हसा, हसा — पाटीसाठी कोर्टात दावा लावणारी बाई तुम्ही पहिल्यांदाच बघत असाल. पण पाटी साधी नाही हो. पत्र्याची, निळ्यावर पांढरी अक्षरं — 'हळू चाला, साहेब झोपलेत.' बस, एवढंच! दुकान माझं, शिवणाचं. दार माझं, पाटी माझी. आता समोरच पाणीखात्याचं ऑफिस आहे, त्याला मी काय करू? सात महिने नळाला गढूळ पाणी, मी अकरा अर्ज दिले, आणि साहेब आपले खुर्चीत पेंगतायत. मग लावली पाटी. लोक खरंच चवड्यांवर चालायला लागले की ऑफिससमोरून! तिसऱ्या दिवशी साहेबांनी माणसं पाठवून पाटी उचकटून नेली — ना नोटीस, ना कागद. वकीलबाई म्हणाल्या, बोलायचा हक्क घटनेनं दिलाय, पण तो काही चालत घरी येत नाही, दावा लावून आणावा लागतो. म्हटलं, लावा. पटतंय ना? बघा, मान हलवताय.

आता खात्याची तडजोड ऐका. म्हणे, शपथेवर लिहून द्या की पाटीवरचे साहेब म्हणजे तुमचे यजमान — पाटी लगेच परत! आहे की नाही डोकं? आणि — कुणाला सांगू नका हं, वकीलबाईंनासुद्धा नाही — काल मी सही करणार होते. पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं. कारण ती पाटी ह्यांनी रंगवलेली. शेवटची. पुढच्याच महिन्यात गेले. हक्कबिक्क राहू दे, मला ती अक्षरं दारावर हवीयत हो, फार हवीयत. पण मग आठवलं — हा माणूस तीस वर्षं भर दुपारी शिडीवर उभा राहून पाट्या रंगवायचा, कधी डुलकी म्हणून नाही, आणि मी त्यांना झोपाळू म्हणू? तेही शपथेवर? छट्! साहेब म्हणजे साहेबच. हरले तर पाटी कायमची जाईल, माहितेय मला. म्हणून तर मघापासून तुमचं डोकं खातेय — भीती वाटतेय. — तुम्ही मात्र भले, सगळ्याला मान डोलावताय.

पुकारा झाला वाटतं. आले, आले! — काय हो पट्टेवाले? जुन्या साहेबांची बदली? मग खात्यातर्फे जबाब द्यायला नवे साहेब आलेत? कुठे आहेत — ह्या बाकावर? हे? अगंबाई! म्हणजे मघापासून हे मान हलवत नव्हते, हे तर —

अहो, उठवू नका त्यांना! जज्जसाहेबांना म्हणावं, जरा बाहेर येऊन बघा. पण हळू चाला म्हणावं.