कुलूप

२००९ सालची गोष्ट. इंदिरानगरातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या काकू दुकानदाराला म्हणाल्या,

"गेममधलं घर पहिल्यासारखं करून द्या."

"कुठलं घर?"

"आमचंच. आमच्या मुलानं, प्रज्वलनं, कॅनडात बसून बनवलंय. मी रोज घरच्या कॉम्प्युटरवरून त्यात चक्कर मारते."

"मग बिघडलं काय?"

"काल अपडेट आलं आणि दाराला कुलूप लागलं."

"ते त्यानंच टाकलं असणार, काकू. त्यालाच फोन करा ना."

"उचलत नाही."

"अशा गेममध्ये किल्ली कुठंतरी लपवलेली असते. तुळशीच्या कुंडीखाली बघितलीत?"

"सगळ्यात आधी तिथंच बघितलं. तो शाळेतून यायचा, तेव्हा आम्ही दोघं सातपूरला कंपनीत असायचो. त्याच्यासाठी रोज तिथंच ठेवायचे मी."