गाडी मोठी होती

एकोणीसशे अठ्ठावीस साल, वैशाखाचा शेवटचा आठवडा, मृगाला वीस-बावीस दिवस उरलेले, घरावर गवत घालायची घाई, आणि तेव्हापासून दारात आलेला प्रत्येक जण मला काय विचारतो? तर, मामा, गाडी केवढी होती? केवढी म्हणजे? मोठी होती. आमच्या गुंद गावात माणूस गेला की लोक आधी विचारायचे, घरात पोरं किती, चूल पेटली का, बैलांना पाणी कुणी पाजलं. आता मोटारी आल्या ना! आता विचारतात गाडी लहान की मोठी, पुढं बसला होता की मागं, आणि मोठी होती म्हटलं की मान हलवून म्हणतात, मग कसं काय झालं बुवा…

मला बोलायची सवय नाही. दिवसाला दहा शब्द, त्यातले सहा बैलांशी. पण तुम्हाला उद्या लोंढ्याला जायचंय, लहान मोटारीत बसावं की मोठ्या, असं तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो. एकदाच सांगतो.

झिलू माझा भाचा. त्याचा एक दिवस माझ्या अंगावर होता. पैसा नव्हे, सावडीचा दिवस. त्यानं माझ्या घरावर दिवसभर चढून गवत घालायचं, मग मी त्याच्या घरावर घालायचं, दिवसाला दिवस. त्यानं घातलं. माझं फेडायचं राहिलं, तोवर तो गेला, आणि त्याची बायको केशर तो दिवस माझ्याकडून घेईना. छपराचे वासे उघडे, खालून आभाळ दिसतंय, तरी घेईना. दुसऱ्या कुणाला सांगावं तर तेही सांगेना. हे आधी लक्षात ठेवा, मोटारीचं मागून.

तर, गवत होतं, पण बांधायला सुंभ संपला. लोंढ्याहून आणायचा. माझा एक बैल लंगडत होता, म्हणून गाडी न जुंपता आम्ही दोघं चालत गेलो. परत येताना सुंभाची बोचकी, मिठाचं पोतं, म्हटलं मोटारीनं येऊ. स्टेशनाबाहेर दोन मोटारी उभ्या. एक लहान, कापडी टपाची, चार माणसं बसतील न बसतील. दुसरी मोठी, आधी लाकडं ओढायची, मग तिच्यावर छप्पर घालून माणसं भरायला लागले ती.

झिलू म्हणाला, मामा, बारक्या गाडीत बसू, हलकी हाय, चढाला दमायची न्हाई. आता हा माणूस वीस वर्षं माझ्यामागं बैलगाडीवर चाललेला, चढ म्हणजे काय, ओझं म्हणजे काय, त्याला कळत नव्हतं? कळत होतं. पण मला जास्त कळत होतं ना! कारण मी शिमग्याच्या आधी एक बारकी मोटार बघून आलो होतो. सागाच्या झाडाला धडकलेली. पत्रावळ दुमडावी तशी दुमडली होती, आणि आतल्या माणसाचे दात म्हणे दुसऱ्या दिवशी गवतात सापडले. आणि तिथंच खानापूरकडचा परशुराम शेट, मिरची-गुळाचा व्यापारी, जन्मात मोटार चालवली नाही, तो सगळ्यांना शिकवत होता. एका हातात भोपळा, एका हातात काकडी. "हे बघा, ही बारकी गाडी," म्हणाला, आणि काकडी दगडावर आपटली. दोन तुकडे. "आणि ही मोठी," म्हणून भोपळा आपटला. भोपळ्याला नुसता चरा.   आता भोपळ्याच्या आत कोण बसतं, हे विचारायला नको होतं? पण शेट बोलतो ना ठासून! मी ते घेऊन घरी आलो, मनात जपून ठेवलं, आणि लोंढ्याला भाच्याच्या डोक्यावर ओतलं. म्हटलं, मोठ्यात बस. मोठ्या गाडीत माणसाला खरचटत नाही.

बसला. मी सांगितलं की तो बसायचा.

ड्रायव्हर धारवाडकडचा. मिशा पिळून म्हणतो, "गाडी दोड्डदु री, भ्यायचं काम न्हाई." दोड्डदु म्हणजे मोठी, एवढं कानडी आम्हालाही येतं. बारा माणसं, मिठाची चौदा पोती, एक शिवणाचं यंत्र, आणि शेजारच्या गावची तारा अंड्यांची पाटी मांडीवर घेऊन. मी पुढं, मान म्हणून. झिलू अगदी मागं, काठावर, पाय बाहेर सोडून. बैलगाडीत तो तिथंच बसतो. का बसतो? तेच तर सांगतोय.

आमच्या घाटात भरलेली गाडी चढाला लागली आणि बैलांनी दम सोडला की गाडी मागं सरकते. त्याला एकच उपाय. मागच्यानं खाली उडी मारायची आणि चाकामागं धोंडा लावायचा. पुढचा सांगतो, मागचा लावतो. पुढच्यानं सांगितल्याशिवाय मागच्यानं उतरायचं नाही, आणि सांगितल्यावर विचार करत बसायचं नाही, कारण विचार करेपर्यंत गाडी दरीत. वीस वर्षं मी म्हणालो "धोंडा", आणि त्या शब्दासरशी धोंडा लागला. एकदाही चुकला नाही. त्याच्यासारखा मागचा माणूस या तालुक्यात नव्हता. मी तोंडावर कधी म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं का? आता काय त्याचं…

जगलबेटच्या अलीकडचा चढ तुम्हाला माहीत आहे. निम्म्यात मोटार घरघरली, खोकली, आणि गप्प झाली. ड्रायव्हर पायांनी काहीतरी दाबतोय, हातानं काहीतरी ओढतोय, तोंडानं आईला हाक मारतोय. आणि गाडी मागं सरली. सावकाश. बैलगाडी सरते तशीच, अगदी तशीच हो, म्हणून तर…

ती काय थांबायची होती धोंड्यानं? चौदा पोती मीठ, बारा माणसं, लोखंडाचा डोंगर. धोंड्यावरून चाक चढलं. झिलू धोंडा धरून होता. आमच्यात धोंडा लावून हात सोडत नाहीत, चाक नीट टेकेपर्यंत. मग मोटार दहा पावलं मागं जाऊन कडेच्या मातीत रुतून उभी राहिली, शहाण्यासारखी. आत कुणालाही काही नाही. तुम्हाला सांगतो, काही म्हणजे काही नाही! शिवणाचं यंत्र जागच्या जागी. तारानं पाटीवरचं फडकं काढून अंडी मोजली, एकही फुटलं नव्हतं, आणि मग तिला बाहेर काय झालंय ते दिसलं आणि ती पाटी तिथंच टाकून उठली. परशुराम शेट खोटं बोलला नव्हता. गाडी मोठी होती.

फौजदार आला. त्यानं दोरीनं मोटार मोजली. लांबी, रुंदी. माणसाला काही मोजायचं नव्हतं. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, साहेब, गाडीत बसलेल्याला ओरखडा न्हाई, ह्यो आपला आपण उतरला. फौजदारानं लिहिलं, आपला आपण उतरला. मला विचारलं, खरं का? मी दुसरी शिकलोय, नाव लिहिता येतं, अंगठा लावत नाही मी कुठं. मोठ्या तोऱ्यात नाव लिहिलं. खाली रेघही ओढली.

बारा दिवस झाले, तेरावा झाला. चौदाव्या दिवशी पहाटे मी शिडी खांद्यावर घेऊन केशरच्या दारात. म्हटलं, सावडीचा दिवस आणलाय. ती अंगण सारवत होती. मान वर न करता म्हणाली, नको. दुसऱ्या दिवशी गेलो. नको. तिसऱ्या दिवशी गेलो तर तिनं शिडी उचलून बांधापलीकडं नेऊन ठेवली, माझीच शिडी. लोक मला समजावायला लागले. शेजारचा नागू म्हणाला, बाईमाणूस हाय, दुःखात हाय, तुम्ही कशाला मनावर घेता? त्याच्याबरोबरचा लाडू म्हणाला, आम्ही घालू की गवत. मी म्हटलं, दिवस माझ्या अंगावर आहे, तुम्ही कोण घालणारे? आणि तिनं त्यांनाही घालू दिलं नाही. गवताच्या पेंढ्या अंगणात तशाच, आणि घाटमाथ्यावर ढग जमायला लागलेले.

शेवटी मृगाला दोन दिवस उरले तेव्हा मी विचारलं, अगं का? मी घातलेलं गवत काय गळतं का? तेव्हा तिनं शेणाचा हात धुतला, पदराला पुसला, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"मामा," म्हणाली, "कागदावर काय लिवलंय?"

मी म्हटलं, जे सांगितलं ते.

"आपला आपण उतरला म्हून लिवलंय. खाली तुमचं नाव हाय. वीस वर्सं त्यानं तुमच्या शब्दाबिगर धोंडा उचलला न्हाई. आन् त्या दिशी उचलला व्हय?"

 नागू उभा, लाडू उभा, शेजारीण सुंदरी पाण्याची घागर घेऊन थांबलेली, सगळं गाव कान देऊन. माझं वय अठ्ठावन्न वर्षं, गावात माझा शब्द चालतो, पंचांत मी बसतो, भांडण तोडायला मला बोलावतात. कोण म्हणालं असतं की म्हातारा खोटा? कुणी नाही. मोटारीच्या आवाजात कुणी ऐकलंही नव्हतं, मीच विचारून बघितलं होतं एकेकाला, आडून आडून. तारा म्हणाली ऐकलं नाही. ड्रायव्हरला मराठी अर्धीच येते. ऐकणारा एकच होता.

मी डोक्याचा रुमाल काढला.

म्हटलं, "मी म्हणालो. 'झिलू, धोंडा' म्हणालो. गाडी मागं सरली आणि तोंडातून गेलं. मोठ्यात बस, हेही मीच म्हणालो. त्यो आपला आपण उतरला न्हाई."

  केशर बांधापलीकडं गेली, शिडी घेऊन आली, वळचणीला टेकवली, आणि खालचा पाय स्वतः धरून उभी राहिली.

दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत वर होतो. ती खालून पेंढी देत होती, मी घालत होतो, लोंढ्याहून आणलेल्या सुंभानं बांधत होतो. आढ्यापर्यंत नीट घातलं. अंधारून आलं तेव्हा उतरलो. सावड फिटली.