टोपीबरोबर गेलेला चष्मा

आज माझं मौन होतं. कुरिअरच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू-सून बोलत होत्या.

"आई, लोकरीच्या टोपीबरोबर तुमचा चष्माही खोक्यात गेला, तेव्हा मी धसकाच घेतला होता. आणखी एक तक्रार आली असती, तर आपलं ऑनलाइन दुकान बंदच केलं असतं वेबसाइटवाल्यांनी."

"पण टोपी मागवणाऱ्या त्या बाईनं चष्मा पुसून, कापसात गुंडाळून परत पाठवला गं. वर पाच तारे दिले."

"आणि टोपी घातलेल्या बाळाचा फोटो. देव तिचं भलं करो."

"तो फोटो मी चष्मा लावून पाहिला. कानापाशी एक टाका सुटलाय. ती बोललीसुद्धा नाही."

"म्हणून काल दिवसभर सुया खाली ठेवल्या नाहीत होय?"

"ही दुसरी तिच्या बाळाला जाऊ दे. आणि चष्मा नाकावर आहे, बघून घे."

"खोकं चिकटवायच्या आधीच बघितलाय, आई."