बक्षिसाचं लाटणं

सांगते, पण आधी तोंडातला चहा गिळा. वर्ध्यात आमच्या वडिलांच्या वयाच्या पुरुषांचं एक मंडळ होतं. खरादावर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून घडवायच्या यंत्रावर, हौसेनं लाकूड कातायचं. त्यांच्या लाटण्यांच्या स्पर्धेत मी स्वतः कातलेलं साधं, गुळगुळीत लाटणं ठेवलं. बक्षीस मिळालं ते एका वकीलसाहेबांच्या खाचाखाचांच्या नक्षीदार लाटण्याला! मी तिथेच कणीक मागवली आणि त्या लाटण्यानं पोळी लाटली. तिच्या चिंध्या झाल्या.

परीक्षक अण्णाजी म्हणाले, "लाटणं झकास हाय. बी.ए. होऊन तुलेच पोळी येत नाई, पोरी!"

मग त्याच कणकेची पोळी मी माझ्या लाटण्यानं गरगरीत लाटून दाखवली आणि बक्षिसाचं लाटणं त्यांच्या हातात दिलं. "आता तुम्ही लाटा."

अण्णाजी भडकले. "मी काऊन लाटू? मी परीक्षक आहो. मी फक्त खातो!"