गालिच्यावरचे अकरा डाग

...घासलं! हो, घासलं! गुन्हा झाला का माझ्याकडून? समोर डाग दिसल्यावर माणूस काय करतो? घासतो! लहानपणापासून आपल्याला शिकवलंय काय, दात घासा, भांडी घासा, पाठ घासा... आणि ह्या एकाच बाबतीत, तुम्हाला सांगतो, जो भेटतो तो कपाळाला हात लावून म्हणतो, "अरेरे, घासलंत? घासायचं नसतं हो ते!" अहो, मग आधी सांगायचं होतं! शेजारच्या काकू तर दारातच थबकल्या. "काय सांगता? गरम पाण्यानं घासलंत? अगं बाई!" जणू मी माणूस मारून गालिच्यात गुंडाळलाय!

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

बोका आमच्या मुलीचा. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, महिना झाला. जाताना दोन बॅगा नेल्या, पांघरूण नेलं, माझं चांगलं पेन नेलं, आणि बोका ठेवला. "बाबा, हॉस्टेलवर चालत नाही हो, तुम्ही बघाल ना त्याच्याकडे?" म्हटलं, बघतो की! बघणं हा तर आपला धंदाच! चष्म्याचं दुकान आहे माझं, सव्वीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय, एका बोक्याकडे बघायला मला काय होतंय?

बोक्याला आम्ही साहेब म्हणतो. कारण बसणंच तसं! कपाटावर बसून खाली असा बघतो, की वाटावं, आता म्हणेल, "तुमचा अर्ज मिळाला, पुढच्या आठवड्यात या."

आणि गालिचा माझ्या बायकोचा. म्हणजे तिच्या वडिलांचा. लाल, लोकरीचा, निळ्या काठाचा. "ह्याच्यावर मी रांगायला शिकले," हे वाक्य मी लग्नापासून ऐकतोय. सासरे गेले, त्यांचं घर गेलं, सामान वाटलं गेलं, तेव्हा हिनं बाकी कशालाही हात लावला नाही, एवढा गालिचा तेवढा खांद्यावर टाकून आणला. आमच्याकडे पाहुणा आला की बूट तर काढतोच, पण ही त्याचे मोजेसुद्धा तपासते!

तर अशा त्या गालिच्यावर एका सोमवारी सकाळी मी पेपर वाचत उभा, हातात चहा, आणि पायाला एकदम गार लागलं. वाटलं, चहा सांडला. कप बघितला, काठोकाठ भरलेला. मग म्हटलं, आहे काय हे नक्की? म्हणून मोजा काढला आणि नाकाशी नेला... तुम्हाला सांगतो, आयुष्यात काहीही करा, पण ओला मोजा नाकाशी नेऊ नका!

वर बघितलं, तर साहेब कपाटावर. नजरेला नजर द्यायला तयार नाहीत.

बायको आंघोळीला गेली होती. म्हटलं, ती बाहेर यायच्या आत मिटवून टाकू. बादलीभर कढत पाणी, मूठभर साबणाची पावडर, आणि घासायला बाथरूमचा ब्रश... काय घासलंय म्हणून सांगू! रुपयाएवढा डाग होता, दहा मिनिटांत ताटाएवढा झाला. आणखी दहा मिनिटांत लाल रंग निघाला आणि निळ्या काठात जाऊन बसला. आणि वास? मघाशी वाकल्यावर येत होता, आता जिन्यात येऊ लागला!

बायको बाहेर आली. ओरडली नाही. माझी बायको ओरडली की मला बरं वाटतं, वातावरण मोकळं होतं. ती गप्प बसली की समजायचं, निकाल लागलाय. केस पुसत उभी राहिली, एकदा गालिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, एकदा साहेबांकडे, आणि म्हणाली, "रविवारपर्यंत. रविवारपर्यंत वास गेला नाही, तर बोका माझ्या भावाच्या गोदामात जाईल. तिथं उंदीर आहेत, त्याचाही वेळ जाईल."

आता बघा माझी अवस्था! गालिचा गेला तर बायको गेली, बोका गेला तर लेक गेली! रोज संध्याकाळी तिचा फोन, "बाबा, साहेब कुठाय? दाखवा ना!" तिला काय दाखवू? गोदाम?

पण मी सोडणाऱ्यांतला नाही!

काकू म्हणाल्या, व्हिनेगर टाका. टाकलं. दुसरं कुणी म्हणालं, सोडा टाका. टाकला. दोन्ही एकावर एक टाकल्यावर गालिचा फसफसायला लागला, साहेब घाबरून पडद्यावर चढले, पडदा दांडीसकट खाली आला! आणि एवढं करून वास गेला का? नाही! आता त्या वासात व्हिनेगरही होतं, एवढंच. दुकानात एक बाई डोळे तपासायला आल्या, मी जवळ वाकून काच बदलतोय, विचारतोय, "आता खालची ओळ दिसतेय?" तर म्हणाल्या, "ओळ काही दिसत नाही हो, पण वास कसला येतोय?"

पण मी सोडणाऱ्यांतला नाही! त्याच दिवशी डोक्यात आलं, आपल्याकडे टॉर्च आहे की! जांभळ्या उजेडाचा असतो बघा, चष्म्याची काच उन्हातले वाईट किरण अडवते की नाही, ते गिऱ्हाइकाला दाखवायला वापरतो. कुठं तरी वाचलं होतं, ह्या उजेडात मूत चमकतं. बुधवारी भर दुपारी दुकान बंद करून घरी आलो, दारं लावली, खिडक्यांना चादरी लावल्या, पडदा पडला होता ना, आणि टॉर्च मारला.

अहो, मला वाटलं होतं एक डाग असेल. अकरा! मोजले मी! पिवळे, हिरवट, बटणाएवढे, कुठं एखादा थेंब, कुठं दोन जोडीनं... अख्खी आकाशगंगा! प्रत्येकाभोवती खडूनं गोल काढला. बायको शाळेत शिकवते, ती घरी आली, दार उघडलं, बघते तर खोलीत अंधार, नवरा हातात खडू घेऊन चार पायांवर, तोंडानं म्हणतोय, "नऊ... दहा..." ती म्हणाली, "मी नंतर येऊ का?"

मग प्राण्यांच्या दुकानातून एक बाटली आणली. त्यातलं औषध म्हणे ती घाण खातं. घासायचं नाही, नुसतं ओतायचं, आत मुरू द्यायचं, दिवसभर ओलं ठेवायचं. बायको म्हणाली, "म्हणजे ओलं झालेलं घालवायला आणखी ओलं करायचं?" मी म्हटलं, शास्त्र आहे ते. अकराच्या अकरा गोलांत मापानं ओतलं, वर ओली फडकी अंथरली, आणि टिपत बसलो... टिपायचं असतं! घासायचं नसतं! शिकलो ना!

आणि इकडे साहेबांतही सुधारणा! दिवसातून दहादा आपल्या शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या डब्यात जाऊन बसायला लागले. बसायचे, उठायचे, परत जायचे. मी बायकोला म्हटलं, बघ, कळतं त्याला, लाज वाटली. लेकीनं फोनवर विचारलं, "बाबा, तो जेवतोय ना नीट?" म्हटलं, जरा कमी खातोय, पश्चात्ताप झालेला दिसतोय. हसलो आम्ही दोघं! आता आठवलं की...

असो. शनिवारी सकाळी गालिचा कोरडा. डबाही कोरडा! नवा डाग एक नाही! मी हात वर करून स्वयंपाकघरात गेलो, म्हटलं, जिंकलो! बायको म्हणाली, "वास येतोय अजून." येत होता. जुना. पण मी सोडणाऱ्यांतला नाही, मी गालिचे धुणाऱ्या कारागिराला आधीच बोलावून ठेवलं होतं.

कारागीर आला. पिकलेल्या मिशा, गुडघ्यांवर चामड्याच्या चकत्या. खाली बसला, गालिच्याचा कोपरा उलटा केला, अंगठा दाबला, वास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"घासलंत?"

"...हो."

"गरम पाणी?"

मी छताकडे बघत राहिलो. बायको म्हणाली, "कढत."

त्यानं कोपरा हळूच खाली ठेवला. मग म्हणाला, "मूत वर नाही आता. खाली अस्तरासारखा जाड फेल्ट शिवलाय ना, त्यात बसलंय. वरून कितीही ओता, ते खाली हसतंय तुम्हाला. हे गोल कसले काढलेत?" मी मोठ्या अभिमानानं टॉर्चची सगळी हकीकत सांगितली, अकरा डाग, बटणाएवढे. तर त्याच्या भुवया जवळ आल्या.

"बोका लहान आहे का?"

"लहान? सोफा भरतो तो!"

"मग एवढंसं कसं, दादा? आमच्याकडे चार आहेत. मांजरानं केलं की तळं होतं. हे तर थेंब आहेत. आता डबा ओला असतो ना?"

"कोरडा!" मी म्हटलं. छाती काढून म्हटलं! "कालपासून ठणठणीत कोरडा! गालिचाही कोरडा, डबाही कोरडा!"

कारागीर माझ्याकडे बघत म्हणाला, "मग जातंय कुठं ते?"

...

तुम्हाला सांगतो, मी डब्याकडे वळलो. आणि तेवढ्यात पलंगाखालून आवाज आला. म्यांव नव्हे. बारीक, लांब, दार करकरावं तसा.

माझी बायको, जिला कंबरेमुळे खाली पडलेला चमचा उचलता येत नाही, ती बाई फरशीवर पालथी पडली आणि सरपटत पलंगाखाली गेली. साहेबांना बाहेर काढलं. पोटाला हात लावला तर दगड. तिनं खुंटीवरची स्वतःची चांगली शाल ओढली, त्यात त्याला गुंडाळलं, आणि चप्पल न घालता जिना उतरायला लागली. कारागीर मागून ओरडला, "ताई, गालिच्याचं काय करू?" ती म्हणाली, "काय वाटेल ते करा!"

लग्नापासून पहिल्यांदा ती बाई त्या गालिच्याबद्दल असं बोलली!

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं आणि हातमोजे चढवतच विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, सोमवारपासून गालिच्यावर करत होता, काल थांबला, मला वाटलं सुधारला. त्या म्हणाल्या, "सुधारला नाही हो, तुंबला. बोक्यांना होतं असं, लघवीची वाट बंद होते. आज संध्याकाळी आणला असतात तर मला काही करता आलं नसतं." मग जरा सौम्य आवाजात म्हणाल्या, "तो तुमचा गालिचा खराब करत नव्हता. डब्यात बसलं की दुखायचं, म्हणून मऊ जागा शोधत होता. घरात काही बदल झालाय का इतक्यात? मनावर घेतात ही जनावरं."

मग बायको म्हणाली, "मुलगी गेली." आणि डॉक्टरीणबाईंनी 'मुलगी गेली' असं कागदावर लिहून घेतलं, औषधाचं नाव लिहावं तसं. बायको टेबलावर वाकून साहेबांच्या कानाशी म्हणत होती, "अरे, मग सांगायचं नाही का रे? मला पण करमत नाही, बोलायचं ना..." आणि मी कोपऱ्यात उभा. सांगायचं काय आणखी? अकरा वेळा सांगितलं त्यानं! मी प्रत्येक वेळी खडूनं गोल काढला! सव्वीस वर्षं लोकांना नीट दिसावं म्हणून चष्मे देणारा माणूस मी!

नळी घातली, तीन दिवस ठेवून घेतलं. मी तिन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात. साहेब पिंजऱ्यातून बघायचे, मी काचेबाहेर उभा राहून म्हणायचो, सोडायचं नाही हं! आपण सोडणाऱ्यांतले नाही!

मंगळवारी दुपारी कारागीर गालिचा घेऊन आला. खालचा फेल्ट सगळा कापून टाकला होता, उलट्या बाजूनं गार पाणी सोडून धुतला होता, फळ्यांवर पालथा वाळवला होता. बायको गुडघ्यांवर बसली, नाक गालिच्यात खुपसलं, कितीतरी वेळ तशीच. मग वर बघून म्हणाली, "नाही येत." मीही हुंगलं. नाही येत! फक्त मधे एक फिकट ठिगळ दिसत होतं. मी म्हटलं, चालायचंच, बोक्याची आठवण. कारागीर म्हणाला, "ते बोक्याचं नाही, दादा. ते तुमच्या ब्रशचं."

संध्याकाळी साहेब घरी आले, नळी काढून. डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं, "आता उद्या सकाळपर्यंत त्यानं आपली आपण लघवी केली पाहिजे. कुठंही करू दे, पण झाली पाहिजे. नाही झाली तर लगेच आणा." घरात तीन डबे मांडले, तीन तऱ्हेची माती. साहेबांनी तिन्ही हुंगले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. जेवताना बायकोचं लक्ष डब्याकडे. बातम्या लागल्या, लक्ष डब्याकडे. "काही हालचाल?" "नाही." "अहो, तुम्ही बघू नका त्याच्याकडे, तुमच्यापुढे त्याला संकोच होतो."

सकाळी मी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला साबण. बाहेरून किंकाळी, "अहोऽऽऽ!" वस्तरा टाकून धावलो. बघतो तर साहेब गालिच्याच्या बरोबर मध्यावर, धुतलेल्या, वाळलेल्या, हिच्या वडिलांच्या गालिच्यावर, पाय फाकवून, डोळे मिटून, शांतपणे... थेंब नव्हे हो, तळं! कारागीर म्हणाला होता तसं, तळं! आणि माझी बायको त्या तळ्याच्या काठावर टाळ्या वाजवत उभी! डोळ्यांतून पाणी, हातात फोन, फोनवर लेक, आणि ही ओरडतेय, "अगं केली! भरपूर केली! माझ्या राजानं गालिच्यावर केली!" तिकडे लेक हॉस्टेलात नाचतेय, इकडे ही नाचतेय...

अर्ध्या गालाला साबण लावून मी दारात उभा. तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षांच्या संसारात मी दुकान उभं केलं, घर बांधलं, हिच्या भावाचं लग्न जमवलं... पण ही बाई माझ्या कुठल्याही कामगिरीवर एवढी खूश झालेली मला आठवत नाही!