सोनारानं नाकारलेला रुपया

माझं गाव मुरबाड तालुक्यात, शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, एसटी थांबते पण तिच्या मनात आलं तर. बापानं पिठाची गिरणी टाकली, ती मी चालवली, ती आता बंद हाय, एवढाच आमचा इतिहास. नाव लक्ष्मण, पण लक्ष्मण विचारलात तर लोक तीन घरं दाखवतील, गिरणीवाला विचारलात म्हणून तुमी बरोबर आलात. बसा. खुर्ची त्या बाजूची घ्या, हिचा पाय मोडलाय.

काय सांगू तुमाला, दळणाला कोण नोट देत नाय. चिल्लर देतात, ती पण पिठाच्या हातानं. दिवसभर पट्टा फिरतो, त्या आवाजात बोलता येत नाय, मंग माणूस करणार काय, डब्यातली नाणी उलटीसुलटी करत बसायचा. एक दिवस एक रुपया हाताला लागला, त्याच्यावरचा छाप सरकलेला, एका बाजूला चंद्रकोरीसारखी कोरी जागा. कल्याणला नाण्यांचा एक शेठ हाय, त्याच्याकडे नेला. त्यानं भिंगाखाली धरला आन बोलला, हा टांकसाळीतूनच असा निघालाय, कुठे मिळाला? चहा पाजला, वर पैसे दिले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला विचारलं होतं की कुठे मिळाला. मी येडाच झालो. तवापासून दर महिन्याला शेठकडे. त्यानंच मला शिकवलं, एक जुनं भिंग दिलं.

शिकवलं म्हणजे एकच गोष्ट. टांकसाळीत झाली ती चूक, टांकसाळीबाहेर झाली ती इजा. चुकीला किंमत हाय, इजेला नाय. छाप सरकला, दोनदा बसला, एक बाजू कोरीच राहिली, ही चूक. हातोडा बसला, भोक पाडलं, ॲसिड लागलं, ही इजा. ऐकायला सोपं हाय. पण इजा झालेलं नाणं पण चूक असल्यासारखंच दिसतं, आन ज्याच्या हातात असतं त्याला तर दिसतंच.

मोबाइल आला आन माझ्या घरी रांग लागली. त्या मोबाइलात एक माणूस ओरडतो, तुमच्या घरातल्या दोन रुपयाला पाच लाख. मंग लोक येतात, पाड्यावरनं, वाशिंदपासनं येतात. एक जण आला, नाणं पापडासारखं चपटं. मी बोललो, आसनगावला रुळावर ठेवलं होतंस का रे? तो बोलला, मी नाय, भावानं ठेवलं होतं, पण तुमी बघा तर खरं, चूक असेल. मी बोललो, चूकच हाय, पण भावाची. लोकांना माझा राग येतो. एक बाई बोलली, मेल्या, तुझ्या तोंडातून कधी हो निघतच नाय. ती खोटं नाय बोलली. इतक्या वर्षांत मी शेकड्यानं नाणी बघितली असतील, हो बोललो ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

एकदा नाण्यांचं प्रदर्शन होतं, हॉल, हार, पाहुणे. पाहुण्यांनी चाळीस मिनटं भाषण केलं, आपला वारसा जपला पाहिजे, त्याला हात लावताना जबाबदारीनं लावला पाहिजे. मंग फोटोसाठी मांडलेलं सगळ्यात जुनं नाणं उचललं आन अंगठा बरोबर राजाच्या तोंडावर दाबला. घामाचा अंगठा. शेठनं डोळे मिटले. मी टाळ्या वाजवल्या, सगळे वाजवत होते.

पण तुमी विचारलंत ते त्या रुपयाचं. तो माझा नाय, सुगंधाचा. सुगंधा म्हणजे माझी बायको, आत हाय, तिला सगळं ऐकू येतंय.

तिच्या आईकडे रुपयांची माळ होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका घालायच्या, चांदीचे राजाछाप रुपये, प्रत्येकाला सोनाराकडून डाग देऊन कडी बसवलेली, गोफात ओवलेली. ती माळ कधीच मोडली, आजारपणात गेली. गेली नसती तरी नाण्यांच्या बाजारात तिची किंमत चांदीच्या वजनाचीच, कारण कडी बसवली की इजा. पण एक रुपया उरला होता. सोनार त्याला कडी लावायला नाय बोलला होता. कारण त्याच्या दोन्ही बाजूंना राजाच. एका बाजूला नेहमीसारखा वर आलेला, दुसऱ्या बाजूला तोच राजा आत खचलेला आन तोंड उलटीकडे केलेला, ओल्या मातीत रुपया दाबून काढावा तसा. सोनार बोलला, बाय, हे खोटं हाय, गळ्यात घालू नको, अपशकुन होईल. मंग तिच्या आईनं तो फडक्यात बांधून कणगीच्या मागे टाकला. तिथे तो काळा पडत राहिला, आन कोणी हात लावला नाय.

लग्नानंतर किती वर्षांनी तिनं मला दाखवला, तवा मी भिंग आणायला धावलो हो. खोटं नाय ते. टांकसाळीत आधीचा रुपया साच्याला चिकटून राहतो आन पुढच्यावर स्वतःचं तोंड उमटवतो. बाजारात त्याला लाखी बोलतात. शेठनं बघितला, उलटून परत बघितला. मंग बोलला, हा काळा रंग बघितलास, ही त्याची कातडी हाय, हिला हात लावू नको. मुंबईला कंपनी हाय, ती तपासून नंबर देते आन प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून पाठवते, मंग कोण शंका घेत नाय. सत्तरपैकी नंबर. सत्तरच का, ते शेठला पण ठाऊक नाय.

त्या वेळी विकला नाय, गिरणी चालत होती. मंग सुगंधाचे गुडघे गेले. भातलावणी, डोंगरावरनं मोळ्या, डोक्यावर हंडे, गुडघा तरी किती सोसणार. कल्याणच्या डॉक्टरनं दोन्ही बदलायला सांगितले. शेठ बोलला, नंबर चांगला आला तर दोन्ही होतील, मध्यम आला तर एक. तवापासून ती त्या रुपयाला रुपया बोलेचना. माझे गुडघे बोलायची. कोण विचारायला आलं की बोलायची, माझे गुडघे कपाटात हायत, सध्या हे वापरते. एकदा मला विचारलं, अहो, माझी चूक की इजा? मी बोललो, इजा, झिजलेलीस तू. ती बोलली, म्हणजे मला पण नंबर नाय. हसत होती हो.

मी तिला बजावून ठेवलं होतं, त्याला पाणी लावायचं नाय, चिंच नाय, साबण नाय. ज्या दिवशी कल्याणला न्यायचा, त्या सकाळी मी आंघोळ करून आलो, तर ती ओट्यावर बसलेली, पदरात रुपया, आन रुपया नवीन ताटासारखा चमकत होता. बाजूला राखुंडीची पुडी. दात घासायची राखुंडी. बोलली, मुंबईची माणसं बघणार, अशा काळ्या तोंडानं कसा पाठवायचा? पोरगी दाखवायची असली तर न्हाऊमाखू घालतो की नाय? माझ्या तोंडाकडे बघितलं आन घाबरली. बोलली, पाणी नाय लावलं हो. तुमी बोललात ना. कोरडाच घासला.

पाण्यानं कदाचित थोडा वाचला असता.

मी भिंग काढलं नाय. नको वाटलं. तसाच पुडीत घातला, एसटीत बसलो, आन कल्याणपर्यंत मला काय वाटत होतं सांगू? की त्यांना कळणार नाय. त्यांची नजर चुकेल. चूकच तर शोधतात ते, राजा दोन्हीकडे दिसला की बाकीचं कोण बघतोय. अख्खा तालुका माझ्यासमोर हेच बोलत बसायचा, आन मी त्यांना हसायचो. शेठनं एकदाच बघितलं. बोलला, कोणी केलं? मी बोललो, पाठवा तरी.

डबी आली दीड-दोन महिन्यांनी. शेठनं चिठ्ठी वाचून दाखवली. नाणं अस्सल. टांकसाळीची चूक अस्सल. घासलेलं हाय, म्हणून नंबर नाय. शेठ भला माणूस, चांदीपेक्षा थोडे जास्त द्यायला तयार होता, बोलला, कोणी हौशी घेईल. त्यात गुडघ्याची वाटी पण आली नसती. मी डबी घरी आणली.

ती दारातच होती, भिंतीला धरून. काय बोलले? मी बोललो, खरा हाय बोलतात. बोलली, मंग? मी चप्पल काढत बसलो. चप्पल काढायला कितीसा वेळ लागतो. ती खाली बसली, तिला बसायला वेळ लागतो. मंग बोलली, सोनारानं खोटा ठरवला म्हणून इतकी वर्षं वाचला. मी खरा धरला आन एका सकाळीत घालवला. मी बोललो, तसं नाय गो. बोलली, सगळ्या गावाला तोंडावर सांगता, आन मलाच तसं नाय गो?

मी डबी नेऊन देव्हाऱ्यात ठेवली.

रडली नाय. त्यानंतर गुडघ्यांचं नाव काढलं नाय. आता घरातल्या घरात चालते, भिंतीला जिथे हात टेकते तिथे चुना काळा झालाय. न्हाणीपर्यंत मी नेतो. पुढे काय, ते विचारू नका, पुढे हेच.

लोक अजून येतात. मागच्या बाजारी पलीकडच्या पाड्यावरची एक बाय आली, पाच रुपयाचं नाणं घेऊन, एक कड तुटलेली. पक्कडीचे दात स्पष्ट दिसत होते. तिच्या नवऱ्याला डायलिसिस लागलंय, त्या मोबाइलवाल्यानं तिला सांगितलं होतं नशीब उघडलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आवाज आला, इकडे दे गो. सुगंधानं नाणं घेतलं, उजेडाला धरलं, तिला त्यातलं काय कळतं? बोलली, ठेव जपून. घासू मात्र नको. बघू. ती बाय तिच्या पाया पडून गेली. मी बोललो, हे काय केलंस, ते पक्कडीचं हाय. ती बोलली, माहीत हाय मला. उद्या सांगा. आजची भाकर तरी गोड लागू दे तिला.

तो उद्या अजून आला नाय. मी पण सांगायला गेलो नाय.

डबी तिकडे देव्हाऱ्यात हाय, बघायची तर बघा, उचलली तरी चालेल, आत हवा पण जात नाय. कंपनीनं असं बंद केलंय की आता त्या रुपयाला जन्मात कोणाचा हात लागणार नाय. सुगंधा रोज देव पुसते, त्याच फडक्यानं डबी पण पुसते, कोरड्या. प्लॅस्टिकवर ओरखडे पडलेत, राजा आता धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. पुसू दे. तुमचं भलं होवो, एवढं लांब आलात. एसटी बघा, आली तर आली.