फॅन बंद करून घेतलेला कौल

बाई, इब्रामपूरचे गावकरी, विद्यापीठातून आलेली प्राध्यापक मंडळी, आणि मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेले माझे बाबा.

मी मेधा. पाळी गावची. परब सरांच्या ग्रीन हायड्रोजनच्या प्रकल्पात संशोधक म्हणून काम करते. सर गेले, एवढं वाक्य तरी धड म्हणता यावं म्हणून घरून निघाल्यापासून घोकत आले. आता इथे उभी राहिले आणि तेच विसरले. मघाशी बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "रडायचं तर माझ्या शेजारी बस. बोलायचं तर त्यांना आवडेल तसं बोल." म्हणून बोलते. हसू आलं तर दाबू नका.

मंडळी, ही जागा मला मिळाली तेव्हा आमच्या घरी सुतक आल्यासारखं झालं. जागा कसली, तर तीन वर्षांची, तात्पुरती. काम काय, तर सूर्याच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढायचा. आईने फक्त हायड्रोजन ऐकलं आणि पुढे बॉम्ब स्वतःच जोडला. शेजारची काकी म्हणाली, आम्ही टँकर येईपर्यंत बालद्या लावून बसतो, आणि ही पाणी फोडणार? बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद पडली आणि ट्रक दारातच गंजला. त्यांना माझ्यासाठी एकच गोष्ट हवी होती, बंद न पडणारी नोकरी. सरकारी. साधी कारकुनाची चालेल, पण कायमची. यात त्यांचं काय चुकलं, सांगा?

मी सरांना फोन करून सांगितलं, मी येत नाही. दुसऱ्या दिवशी सर दारात. हातात इथल्या, त्यांच्या गावच्या बागायतीतला केळ्यांचा घड. बाबांनी चहा दिला, सोबत पोई, म्हणजे आमच्याकडचा पाव दिला, आणि सांगितलं की देवीचा कौल घेतल्याशिवाय मी पोरीला पाठवणार नाही. आमची समजूत, शिकलेला माणूस आता हसणार. सर म्हणाले, चला, मीही येतो.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बाबांनी गुरवाकडून गाऱ्हाणं घातलं, की पोरीला सरकारी नोकरी लागणार असेल आणि ही गॅसची नोकरी धोक्याची असेल, तर उजवा कौल दे. पडली डावी. बाबा म्हणाले, झालं, देवी नको म्हणते.

सर उठले. हात जोडले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "यात दोन प्रश्न आहेत. देवी नाही म्हणाली ती कशाला? सरकारी नोकरीला की धोक्याला?"

गुरवाला आजवर कोणी असं विचारलं नव्हतं. तो बाबांकडे बघतो, बाबा देवीकडे. एवढ्यात सरांची नजर वर गेली. म्हणाले, आणि हा फॅन चालू होता. पाकळी देवीने पाडली की वाऱ्याने, कसं कळणार?

फॅन बंद केला. आम्ही सगळे घामाने निथळत बसलो. देवीला घाई नको म्हणून सरांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. आता गाऱ्हाणं एकच, की हे काम केल्याने पोरीचं बरं होईल का? बराच वेळ काहीच हललं नाही. गुरव पेंगायला लागला. आणि उजवी पडली.

बाबा चिडले. हवं ते उत्तर मिळेपर्यंत तुम्ही विचारत राहिलात, म्हणाले. सर म्हणाले, "नाही हो. प्रश्न नीट होईपर्यंत विचारलं. माझी नोकरीच ती आहे."

देवळाबाहेर मला म्हणाले, बाय, एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे रोज डावीच पडते.

खरंच पडायची. पाणी फोडणाऱ्या इलेक्ट्रोडवर मी लेप लावायचा, त्याने रात्रभर टिकायचं, आणि सकाळी तो खाली पापुद्रे होऊन पडलेला. सर दारातूनच विचारायचे, "डावी?" मी म्हणायची, डावी, सर. "फॅन बंद होता?" होता, सर. मग म्हणायचे, मग प्रश्न बदलूया. कधी ओरडले नाहीत. लेप अजून टिकलेला नाही. तो टिकलेला बघायची त्यांची फार इच्छा होती, आणि मला त्यांना तो दाखवायचा होता. ते राहिलं.

सर गेले त्याच आठवड्यात, बाबांनी मागे भरायला लावलेल्या अर्जावर, माझी सरकारी नोकरीची ऑर्डर आली. कारकुनाची. कायमची. सोमवारी रुजू व्हायचं. बाबा परवा सकाळी आंघोळ करून देवळात गेले. मी समजले, कौल लावणार. आणि सर नाहीत, आता फॅन कोण बंद करणार? परत आले तर हातात फक्त प्रसादाचा नारळ. मी विचारलं, बाबा, कुठली पडली?

बाबा म्हणाले, "देवाक परत कित्याक विचारूं? एक फावट सांगलां न्हय?" देवाला परत कशाला विचारू, एकदा सांगितलंय ना! आणि तो नारळ माझ्या हातात देऊन म्हणाले, प्रयोगशाळेत फोड.

तेव्हा मंडळी, सोमवारी मी प्रयोगशाळेत असेन. डावी पडली तर दारातून कोणी विचारणार नाही. मीच विचारीन.

आता सरांसाठी आपण दोन मिनिटं शांत उभे राहूया. आणि बटणाजवळ कोण आहे? तेवढे फॅन बंद करा.